नव्या कर्नलला न दिसलेली डिस्क: एका पतसंस्थेच्या सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यात डिचोली तालुक्यातली ही एक मध्यम आकाराची पतसंस्था आहे. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. यंत्र, कार्ड आणि सॉफ्टवेअर यांबद्दलचं सगळं मात्र जसंच्या तसं आहे, कारण प्रकरणाचा जीव तिथेच आहे.

मुख्य कार्यालयातल्या एका कोपऱ्यातल्या खोलीत डेलचा पॉवरएज टी३१० हा उभा सर्व्हर होता. खातेदारांची सगळी नोंद त्यावर. आत पर्क एच२०० हे रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) आणि त्याला जोडलेल्या १ टीबीच्या दोन डिस्क, एकमेकींचा मिरर. ऑपरेटिंग सिस्टमला त्या दोन मिळून एकच डिस्क दिसायची. शिवाय बॅकअपसाठी २ टीबीची एक यूएसबी डिस्क कायम मागे लावलेली. वर सेंटओएस ७ (रेड हॅट या कंपनीच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमची मोफत आवृत्ती), त्यावर पोस्टग्रेस ९.२ हा डेटाबेस आणि पुण्याच्या एका विक्रेत्याचं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. वर्षानुवर्षं कुणी त्याकडे वळून पाहिलं नव्हतं, आणि बघायची गरजही पडली नव्हती.

गरज पडली ती ३० जून २०२४ मुळे. त्या दिवशी सेंटओएस ७ चे अपडेट बंद झाले. सेंटओएस लिनक्स ८ तर त्याआधीच, २०२१ च्या डिसेंबरअखेर बंद पडलेलं, त्यामुळे ७ वरून सरळ ८ वर जाण्याचा जुना राजमार्ग उरला नव्हता. लेखापरीक्षकांनी त्यांच्या टिपणात ‘सुरक्षा अपडेट न मिळणारी प्रणाली’ असा शेरा मारला आणि संचालक मंडळाने ‘एका महिन्यात करून घ्या’ असं व्यवस्थापक बाईंना सांगितलं. बाईंनी ते संस्थेचं संगणकाचं काम बघणाऱ्या तरुणाकडे सोपवलं. पुढे त्याला तंत्रज्ञ म्हणतो.

अडचण

तंत्रज्ञाने जो मार्ग निवडला तो कागदावर चुकीचा नव्हता. सेंटओएसची जागा घेणाऱ्या आल्मालिनक्स या मोफत सिस्टमवाल्यांनी २०२१ मध्ये एलिव्हेट नावाचा प्रकल्प आणला. रेड हॅटच्याच लीप या साधनावर तो उभा आहे, आणि सेंटओएस ७ वरून रेड हॅट ८ च्या घराण्यातल्या हव्या त्या मोफत आवृत्तीवर तो यंत्र जागच्या जागी नेऊन ठेवतो. तंत्रज्ञाने रेड हॅटशी तंतोतंत जुळणारी एक आवृत्ती निवडली. शुक्रवारी रात्री डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची एकत्र प्रत) काढून यूएसबी डिस्कवर ठेवला. शनिवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर काम सुरू केलं.

लीप आधी पूर्वतपासणी करतं आणि अहवाल देतं. त्या अहवालात लाल अक्षरांत एक अडथळा होता: या यंत्रात असं एक पीसीआय उपकरण (मदरबोर्डवर बसवलेलं कार्ड) आहे, ज्याचा आधार नव्या आवृत्तीतून काढलेला आहे. अहवाल इंग्रजीत, लांबलचक आणि अर्धा अधिक बिनमहत्त्वाच्या सूचनांनी भरलेला. इंटरनेटवर शोधल्यावर त्याला एक उपाय मिळाला: ही तपासणी ज्या फाइलीतल्या यादीवरून होते, त्या यादीतून ते उपकरण काढून टाका, अडथळा जातो. त्याने काढलं. अडथळा गेला. अपग्रेड पुढे सरकलं, पॅकेजं उतरली, यंत्र रीस्टार्ट झालं.

आणि थांबलं. पडद्यावर ड्रेकटच्या (सुरुवातीचं तात्पुरतं वातावरण उभं करणाऱ्या साधनाच्या) ‘वेळ संपली’ अशा ओळी एकाखाली एक येत राहिल्या, मग मूळ विभाग, म्हणजे सिस्टम जिथे असते तो डिस्कचा भाग, सापडत नसल्याची सूचना, आणि शेवटी आणीबाणीचा शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा पडदा.

त्या शेलमध्ये त्याने एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा चालवली. एक डिस्क दिसली: एसडीए. त्याला हायसं वाटलं, कारण रोजच्या सिस्टममध्येही मुख्य डिस्कचं नाव एसडीएच होतं. पण शेजारचा आकार त्याने वाचला आणि हात मागे घेतला. १.८ टी. मिररचा आकार १ टीबीच्या आत असायला हवा होता. म्हणजे ही मुख्य डिस्क नव्हतीच. ती मागे लावलेली यूएसबी डिस्क होती, जिच्यावर आदल्या रात्रीचा एकुलता एक डंप होता. कार्ड न दिसल्यामुळे पहिलं नाव तिला मिळालं होतं. त्या क्षणी ‘एसडीए दुरुस्त करू या’ म्हणून कुणी एफएससीके हे दुरुस्तीचं साधन चालवलं असतं, किंवा पेनड्राइव्ह लावून नवं इन्स्टॉलेशन एसडीएवर सोडलं असतं, तर हे प्रकरण वेगळ्याच शीर्षकाखाली लिहावं लागलं असतं.

पुढचा तासभर सल्ल्यांचा. हार्डवेअरवाल्याने फोनवर ऐकूनच निदान केलं: डिस्क गेली, दोन्ही बदला. ओळखीतल्या एकाने कार्डाची बॅटरी संपली असेल म्हटलं. एच२०० ला बॅटरी नसतेच. दुसऱ्याने बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे मदरबोर्डला थेट जोडलेल्या डिस्कची सेटिंग, एएचसीआय करायला सांगितलं. हा सल्ला घरच्या लॅपटॉपला अनेकदा लागू पडतो, पण इथे डिस्क मदरबोर्डच्या साटाला जोडलेल्याच नव्हत्या. सगळ्यात घातक सल्ला तिसऱ्याचा होता: सुरू होताना कंट्रोल-सी दाबून कार्डाच्या मेनूत शिरा आणि व्हॉल्यूम, म्हणजे दोन डिस्क मिळून दिसणारी ती एक डिस्क, नव्याने बनवा.

बाईंचा मला फोन आला तो या टप्प्यावर. त्यांचा प्रश्न सरळ होता: “सर, बाकीचं राहू दे. सोमवारी काउंटर उघडायचा का नाही, तेवढं सांगा.” मागून अध्यक्षांचा आवाज येत होता, “गेली मरे डिस्क?”

डिस्क नेमकी कुणाला दिसत नव्हती

‘डिस्क दिसत नाही’ या वाक्यात कर्ता गायब असतो, आणि तोच आधी शोधावा लागतो. कार्डाला दिसत नाही? बायोसला? कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला? की कर्नलला दिसते पण वेगळ्या नावाने, म्हणून पुढचं सगळं अडतं? चारही वेळा माणूस फोनवर तेच वाक्य बोलतो आणि चारही वेळा उपाय निराळा असतो.

म्हणून तंत्रज्ञाला पहिलं सांगितलं की काहीही टाइप करू नकोस. यूएसबी डिस्क काढून बाजूला ठेव, यंत्र पुन्हा सुरू कर आणि सुरू होताना कार्ड स्वतःच्या ओळी छापतं त्या मला वाचून दाखव. त्याने वाचल्या: दोन भौतिक डिस्क, एक व्हॉल्यूम, अवस्था ‘ऑप्टिमल’. म्हणजे कार्ड जिवंत, डिस्क जिवंत, मिररही धडधाकट. हार्डवेअरवाल्याचं निदान तिथेच निकालात निघालं.

मग ग्रबच्या यादीत, म्हणजे कोणतं कर्नल सुरू करायचं ते निवडायच्या यादीत, वर आलेली अपग्रेडची नोंद सोडून खालची जुनी ३.१० कर्नलची नोंद निवडायला सांगितली. सेंटओएस ७ नेहमीसारखं सुरू झालं. डेटाबेस चालू, शुक्रवारचे शेवटचे व्यवहार जागेवर.

हे नशीब नव्हतं. लीपची रचनाच अशी आहे की पॅकेजं आधी उतरवून ठेवली जातात, बूटच्या यादीत एक नोंद घातली जाते, आणि खरी अदलाबदल रीस्टार्टनंतर त्या तात्पुरत्या वातावरणात होते. त्या वातावरणाला डिस्कच दिसली नाही, तर लिहिणार कुठे? न दिसणाऱ्या डिस्कवर एक बाइटसुद्धा लिहिला गेला नव्हता. डिस्क अर्धवट दिसली असती, किंवा अर्ध्या वाटेत दिसेनाशी झाली असती, तर परत फिरणं इतकं सोपं नव्हतं.

आता कारण. जुन्या सिस्टममध्ये एलएसपीसीआय ही यंत्रातली पीसीआय उपकरणं दाखवणारी आज्ञा आकड्यांसकट चालवली. कार्डाची ओळख निघाली १०००:००७२. पहिला आकडा बनवणाऱ्याचा, म्हणजे एलएसआयचा. दुसरा चिपचा, एसएएस२००८. डेलचं एच२०० हे मुळात हीच चिप. कर्नलमधला प्रत्येक ड्रायव्हर (उपकरण चालवणारा तुकडा) आपण कोणकोणत्या ओळखक्रमांकांची जबाबदारी घेतो याची यादी सोबत बाळगतो. सेंटओएस ७ च्या यादीत ही जोडी होती. मूळ लिनक्स कर्नलमध्येही ती आहे, ४.४ या कर्नलपासून एमपीटी२एसएएस आणि एमपीटी३एसएएस हे दोन ड्रायव्हर एकत्र झाले आणि एसएएस२००८ त्या एकत्रित ड्रायव्हरकडे गेली. पण २०१९ मध्ये रेड हॅट ८ आली तेव्हा जुन्या स्टोरेज कार्डांची एक मोठी रांग तिच्या कर्नलमधल्या याद्यांतून वगळण्यात आली. तसं त्यांनी जाहीरही केलं होतं. एसएएस२००८ त्यातच होती. माणूस धडधाकट मतदान केंद्रावर उभा, पण यादीत नाव नाही, अशी या कार्डाची गत. ड्रायव्हर हाताने चढवला तरी तो चढतो, लॉगमध्ये आपली एक ओळ छापतो आणि गप्प बसतो.

लीपचा तो लाल अडथळा नेमकं हेच सांगत होता. फाइलीतली नोंद काढल्याने इशारा गप्प झाला, कर्नलची यादी होती तशीच राहिली.

त्या रात्री आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. लीपने अपग्रेडची नोंद बूटसाठी पहिली ठरवून ठेवली होती. दिवस जुलैचे. डिचोलीत पावसात वीज जाते-येते याचं कुणाला नवल नाही, आणि यूपीएसची बॅटरी किती तग धरेल याची खात्री कुणी देत नव्हतं. रविवारी रात्री वीज गेली असती तर यंत्र आपोआप पुन्हा उठून सरळ त्याच आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन बसलं असतं, आणि सोमवारी सकाळी नऊला बाई कुलूप उघडून काळा पडदा बघत उभ्या राहिल्या असत्या. म्हणून ती नोंद ग्रबी या आज्ञेने काढली, ३.१० ला कायमची पहिली केली, आणि यंत्र एकदा मुद्दाम बंद-चालू करून, कुणीही कळफलकाला हात न लावता ते नीट उठतं का ते पाहिलं. उठलं. बाईंना सोमवारचं उत्तर मिळालं.

पर्याय

घाई संपल्यावर पुढच्या आठवड्यात बसलो. टेबलावर बरंच काही होतं.

आहे तसंच चालू ठेवायचं आणि सर्व्हर इंटरनेटपासून तोडायचा, हा अध्यक्षांचा आवडता पर्याय. फुकट आहे ना. पण शाखेची जोडणी याच यंत्रावर येत होती आणि लेखापरीक्षकांचा शेराही तसाच राहिला असता. तात्पुरता म्हणून स्वीकारला, उत्तर म्हणून नाही. शाखेचा एकच पत्ता सोडून बाकी सगळं फायरवॉलवर बंद केलं.

इएलरेपो हा दुसरा मार्ग. हा स्वयंसेवकांचा उपक्रम रेड हॅटने वगळलेले ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजात देतो, आणि इन्स्टॉल करताना लावायची ड्रायव्हर डिस्कही देतो. काम चोख असतं, मी इतर ठिकाणी वापरलं आहे. इथे मात्र कचरलो. ज्या डिस्कवरून यंत्र सुरू होतं तिचाच ड्रायव्हर बाहेरून आणलेला असेल, तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो नव्या इनिटरामएफएसमध्ये (सुरू होतानाच्या तात्पुरत्या वातावरणाच्या फाइलीत) गेला की नाही हे कुणीतरी बघावं लागतं. या संस्थेत ते ‘कुणीतरी’ म्हणजे महिन्यातून दोनदा येणारा एक मुलगा. दुय्यम डेटा डिस्क असती तर हाच पर्याय घेतला असता.

डेबियन १२ चा विचार मला मोहात पाडत होता. ६.१ कर्नल, मूळ यादी शाबूत, कार्ड पहिल्या झटक्यात दिसतं. पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहिलंही. पण सॉफ्टवेअरचा विक्रेता रेड हॅटच्या घराण्याबाहेर आधार देत नव्हता. पतसंस्थेत रात्री अकराला दिवसअखेरीचा हिशेब अडला की फोन त्याला जाणार, मला नाही. तिथे माझी आवडनिवड मध्ये आणण्यात अर्थ नव्हता.

कार्ड बदलणं. एलएसआयच्याच पुढच्या पिढीचं, एसएएस३००८ चिपचं कार्ड ८ च्या यादीत होतं. पण जुन्या मिररची माहिती नवं कार्ड वाचेलच, यावर मी पैज लावली नसती. चौदा-पंधरा वर्षं जुन्या यंत्रात नवं कार्ड, नव्या केबली, हे पैसे वाळूत घालण्यासारखं. आणि नवा सर्व्हर? तो घ्यायचाच आहे यावर सगळ्यांचं एकमत, पण सभा, दरपत्रकं, मंजुरी यात वर्ष उलटणार हेही सगळ्यांना ठाऊक.

राहिलं आल्मालिनक्स. मे २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या ८.१० आणि ९.४ या आवृत्त्यांत त्यांनी रेड हॅटने वगळलेल्या बऱ्याच जुन्या उपकरणांचे ओळखक्रमांक कर्नलच्या यादीत परत घातले, एमपीटी३एसएएस आणि मेगारेड एसएएस या ड्रायव्हरांची जुनी कार्डं धरून. घराणं तेच, विक्रेत्याला चालणारं, आणि ड्रायव्हर कर्नलच्या आतच, म्हणजे अपडेटनंतर वेगळी राखण नको. तंत्रज्ञाने तेव्हाच यादीतून आल्मा निवडलं असतं तर कदाचित शनिवार शांतपणे गेला असता. हे त्याला बोललो नाही. निवड करताना त्याच्यापुढे हा निकष कुणी ठेवलाच नव्हता.

आल्मा ठरल्यावरही एक प्रश्न उरला: जागच्या जागी अपग्रेड, की कोरं इन्स्टॉलेशन? बाईंचा कल पहिल्याकडे होता, कारण ‘सगळं आहे तसं राहील’. माझा कौल कोऱ्याकडे होता, आणि त्यामागे डिस्कपेक्षा डेटाबेसचं कारण मोठं होतं. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी ही सिस्टमची पायाभूत लायब्ररी २.१७ आहे, ८ मध्ये २.२८. या २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसचे मजकुरावरचे इंडेक्स (शोधसूची) त्या नियमांवर बांधलेले असतात. डेटाच्या फाइली तशाच ठेवून खालची सिस्टम बदलली तर इंडेक्स जुन्या क्रमाने आणि शोध नव्या क्रमाने चालतो. नाव आहे पण सापडत नाही, किंवा एकच नाव दोनदा शिरतं, आणि चूक काही महिन्यांनी कळते. डंप काढून नव्या ठिकाणी भरला की इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि हा प्रश्नच मिटतो. पतसंस्थेच्या खात्यांच्या बाबतीत मला एवढं कारण पुरेसं होतं.

केलेलं काम

टी३१० च्या डिस्क काढता-घालता येतात. म्हणून जुन्या दोन डिस्कना हातच लावायचा नाही असं ठरलं. त्या काढून, कोणती कुठल्या खाचेत होती ते चिकटपट्टीवर लिहून, कपाटात ठेवायच्या. नव्या दोन डिस्क घालून त्यांचा नवा मिरर करायचा. काही फिसकटलं तर जुनी जोडी परत घालायची आणि काउंटर उघडायचा.

‘जुनी जोडी परत घालायची’ हे बोलायला सोपं, म्हणून ते आधी करून पाहिलं. एका रविवारी जुन्या डिस्क काढल्या, नव्या घातल्या, मिरर बनवला, मग पुन्हा जुन्या घातल्या. बरं झालं पाहिलं. कार्डाने जुना व्हॉल्यूम ओळखला, पण तो ‘इनॅक्टिव्ह’ दाखवला आणि यंत्र सुरू होईना. कंट्रोल-सीच्या मेनूत जाऊन तो ‘अॅक्टिव्हेट’ करावा लागतो. शेजारीच ‘क्रिएट’ आहे, आणि तो दाबला तर डिस्कवरचं सगळं जातं. घाईत, घाम फुटलेला असताना, अपुऱ्या उजेडात कुणी कोणता पर्याय निवडेल हे सांगता येत नाही. त्या पडद्यांचे फोटो काढून, ‘अॅक्टिव्हेट’वर गोल करून, छापील पान कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

त्याच दिवशी आल्मा ८.१० चा पेनड्राइव्ह लावून दुरुस्तीच्या मोडमध्ये शेल उघडला. एलएसपीसीआयमध्ये १०००:००७२ च्या खाली ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ म्हणून एमपीटी३एसएएस लागला, एलएसबीएलकेमध्ये ९३१ जीची डिस्क आली. यूएसबी बॅकअप डिस्क मुद्दाम काढून ठेवली होती, म्हणजे आकड्यांत गोंधळ नको.

दिवस निवडताना पहिला प्रस्ताव चवथीच्या सुट्टीचा होता. संस्था सलग बंद, भरपूर वेळ. मी नको म्हटलं. चवथीला गोव्यात माणूस मिळत नाही: तंत्रज्ञ घरी, बाई घरी, पडताळणी करणारा कारकून माटोळी बांधण्यात, आणि पुण्याच्या विक्रेत्याकडेही गणपतीच. यंत्राला वेळ हवा असतो त्यापेक्षा जास्त त्याच्या भोवती माणसं हवी असतात. चवथ उरकल्यानंतरचा शनिवार-रविवार ठरला.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणं झालं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. शनिवारी दिवसअखेर झाल्यावर डंप काढला, त्याची प्रत दोन वेगळ्या यंत्रांवर ठेवली. डिस्क बदलल्या, आल्मा बसवलं, पोस्टग्रेस १३ बसवलं (विक्रेत्याला तेच हवं होतं), डंप भरला. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत) जुन्या सिस्टमवर बॅकअप डिस्क ‘एसडीबी१’ या नावाने लिहिलेली होती आणि रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्येही तेच नाव. दोन्ही ठिकाणी आता यूयूआयडी (नाव हललं तरी न बदलणारा ओळखक्रमांक) आहे, सोबत ‘नोफेल’, म्हणजे ती डिस्क लावलेली नसली तरी यंत्र सुरू होताना अडणार नाही. नाव कुणालाही मिळू शकतं हे जुलैत पाहिलं होतंच.

रविवारी कारकुनाने आणि बाईंनी मिळून खात्यांची पडताळणी केली: एकूण ठेवी, एकूण कर्ज, शंभरेक खाती हाताने उघडून. आकडे जुळले.

निष्पत्ती

सोमवारी काउंटर वेळेवर उघडला. पहिल्या आठवड्यात एकच तक्रार आली: छापील यादीत काही खातेदारांची नावं पूर्वीच्या जागी सापडत नाहीत. क्रमवारी बदलली होती, तो जीलिबसीचा परिणाम. नावं सगळी होती. कारकुनाने दोन दिवस कुरकुर केली आणि नव्या क्रमाला सरावला.

तेव्हापासून कर्नलचे अपडेट नियमित लागतात आणि कार्ड प्रत्येक वेळी दिसतं. लेखापरीक्षकांचा शेरा निघाला. जुनी जोडी वर्षअखेरीपर्यंत कपाटात राहिली, मग पुसून टाकली. खर्च दोन डिस्कचा आणि माझ्या फीचा. हार्डवेअरवाल्याने शनिवारी सांगितलेल्या दोन डिस्क शेवटी घेतल्याच की, असं अध्यक्ष हसत म्हणाले. खरं आहे, फक्त कारण वेगळं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, आणि सगळ्यात स्वस्त: ज्या आवृत्तीवर जायचं तिचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न बसवता, डिस्क दिसते का ते आधी बघणं. अर्धा तासही लागत नाही. जागच्या जागी अपग्रेडच्या साधनांमुळे ही सवय मोडली आहे. साधन सगळं तपासतं म्हणून माणूस तपासत नाही. यंत्र बंद करणं शक्य नसेल तर दुसरा मार्ग आहे. नव्या कर्नलचं पॅकेज उलगडून त्यातल्या ड्रायव्हरच्या फाइलीवर मॉडइन्फो ही आज्ञा चालवायची आणि ‘अलायस’च्या ओळींत आपल्या कार्डाचा ओळखक्रमांक शोधायचा. ओळ असेल तर ड्रायव्हर जबाबदारी घेतो, नसेल तर नाही. चालू यंत्राला धक्काही लागत नाही.

दुसरं, इशाऱ्याबद्दल. लीपचे अडथळे हटवण्याचे मार्ग आहेत आणि कधीकधी ते हटवावेही लागतात. उदाहरणार्थ, उपकरण यंत्रात आहे पण वापरात नाही, तेव्हा. पण हटवण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: या उपकरणावर काय लटकलं आहे? एलएसबीएलके आणि एलएसपीसीआय शेजारी ठेवून मूळ विभाग कोणत्या कार्डामागे आहे हे दहा मिनिटांत कळतं. तंत्रज्ञाला हे कुणी शिकवलं नव्हतं. आता संस्थेच्या वहीत पहिल्या पानावर यंत्राचं वर्णन आहे: कार्डाचं नाव, ओळखक्रमांक, डिस्क कुठल्या खाचेत, यूयूआयडी. ‘डेल सर्व्हर, १ टीबी’ एवढीच नोंद आधी होती.

तिसऱ्या मुद्द्यावर तंत्रज्ञाचं आणि माझं अजून एकमत नाही. बॅकअपची डिस्क अपग्रेडच्या वेळी जोडलेली असावी का? त्याचं म्हणणं, असावी, म्हणजे अडचण आली की तिथल्या तिथे डंप हाताशी. माझं म्हणणं, अजिबात नको. ज्या वेळी नावं हलतात त्याच वेळी ती यंत्राला जोडलेली असणं हाच धोका. तो म्हणतो, आकार वाचला की कळतं. त्याने वाचला, हे खरं.

संस्थेच्या पुढच्या खरेदीचा मसुदा तयार आहे. आल्मा ८ ला सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळतील, पण हा सर्व्हर तोवर ताणायचा नाही असं ठरलं आहे. ९ याच यंत्रावर चालू शकतं, पण रेड हॅटच्या १० च्या घराण्याला एक्स८६-६४ ची, म्हणजे प्रोसेसरच्या क्षमतेची, तिसरी पातळी लागते आणि या यंत्राच्या झिऑन प्रोसेसरमध्ये ती नाही. आल्माने दुसऱ्या पातळीसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे, तरी तेवढ्यासाठी इतकं जुनं यंत्र धरून बसण्यात अर्थ नाही. दरपत्रकाच्या नमुन्यात बाईंनी स्वतःहून एक रकाना वाढवला आहे: ‘रेड कार्डाचा पीसीआय ओळखक्रमांक’. दोन विक्रेत्यांनी तो कोरा पाठवला. बाईंनी त्यांची पत्रकं परत पाठवली.